परळच्या प्रयोगशाळेतील शोध : डॉ. ल्युसी विल्स

रक्ततपासणीच्या अहवालात हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड अशा परिचित नोंदींच्या खाली कधी कधी ‘फोलेट’ किंवा ‘फॉलिक ॲसिड’ अशी एक ओळ असते. बहुतेकांचे लक्ष तिच्याकडे जात नाही. गर्भवती स्त्रीला सरकारी दवाखान्यातून मिळणारी गोळीही घरोघरी ‘लोहाची गोळी’ म्हणूनच ओळखली जाते. तिच्यात लोहाच्या जोडीला आणखी एक घटक असतो, याचा सहसा विसर पडतो. या दुसऱ्या घटकाचा माग मुंबईतील परळच्या एका प्रयोगशाळेत, गिरणगावातील गरीब गर्भवतींच्या रक्ताच्या तपासणीतून लागला. तो लावणाऱ्या संशोधिकेचे नाव डॉ. ल्युसी विल्स.

ल्युसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. घराणे सुखवस्तू आणि सुशिक्षित होते. वडील विज्ञानाचे पदवीधर, तर आई बर्मिंगहॅममधील एका नामांकित डॉक्टरांची कन्या. निसर्गाचे निरीक्षण, विज्ञान आणि वाचन यांची गोडी घरातूनच लागली. बंधू लिओनार्ड पुढे भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले. मुलींनाही मुलांच्या बरोबरीने विज्ञान शिकवणाऱ्या थोड्या शाळांपैकी एक असलेल्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये ल्युसी यांचे शालेय शिक्षण झाले. १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी १९११ मध्ये परीक्षा उत्तीर्ण केली. मात्र केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेस बसू देत असले तरी पदवी देत नसे. स्त्रियांना तेथे पूर्ण पदवी मिळू लागली ती १९४८ पासून.

१९११ मध्येच वडील निवर्तले आणि दोन वर्षांनी बहीण एडिथही गेली. त्यानंतर आईसोबत त्यांनी सिलोनचा प्रवास केला. १९१४ मध्ये बंधू व एका मैत्रिणीसमवेत त्या दक्षिण आफ्रिकेत असतानाच पहिले महायुद्ध पेटले. केपटाऊनमध्ये त्यांनी काही काळ स्वयंसेविका म्हणून रुग्णशुश्रूषा केली. इंग्लंडला परतल्यावर, १९१५ च्या आरंभी, त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यक महाविद्यालयात नाव घातले. भारतात काम करण्यासाठी येणाऱ्या अनेक स्त्री-डॉक्टर याच संस्थेत शिकलेल्या होत्या. १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. रुग्णांवर प्रत्यक्ष उपचार करण्याचा व्यवसाय मात्र त्यांनी पत्करला नाही. रॉयल फ्री रुग्णालयाच्या रासायनिक विकृतिशास्त्र विभागात त्यांनी अध्यापन आणि संशोधन सुरू केले. गर्भारपणात स्त्रीच्या शरीरातील चयापचय कसा बदलतो, हा तेथील त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पुढे मुंबईत याच अभ्यासाची शिदोरी त्यांच्या कामी आली.

१९२८ मध्ये त्या भारतात आल्या तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. येथे बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांच्या मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी एक चौकशी हाती घेण्यात आली होती. भारतात दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी विल्स यांना या कामासाठी पाचारण केले. खर्चाचा भार इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने उचलला होता. आज हीच संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणून ओळखली जाते. कामाचे मुख्य ठिकाण होते परळची हाफकिन संस्था. एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान असलेल्या या जुन्या वास्तूत प्लेगच्या लसीचे काम होत असे. तिच्या अवतीभोवती कापडगिरण्या आणि त्यांत राबणाऱ्या कुटुंबांच्या दाटीवाटीच्या वस्त्या पसरलेल्या होत्या.

या वस्त्यांमधील अनेक स्त्रियांना गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत तीव्र पंडुरोग होत असे. चेहरा पांढराफटक पडे, पाय सुजत, चार पावले चालले तरी धाप लागे. बाळंतपणात होणारा थोडासा रक्तस्रावही अशा शरीराला झेपत नसे, आणि आई व मूल दोघेही हातचे जात. हा आजार केवळ लोहाच्या कमतरतेचा नव्हता. लोह कमी पडले की रक्तातील तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या स्त्रियांच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत आणि त्यांची संख्या फार घटलेली असे.

मोठ्या पेशींचा असा पंडुरोग वैद्यकशास्त्राला अपरिचित नव्हता. ‘पर्निशियस ॲनिमिया’, म्हणजे घातक पंडुरोग, या नावाने तो युरोप-अमेरिकेत ठाऊक होता आणि दीर्घकाळ असाध्य मानला गेला होता. १९२६ मध्ये जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी रोजच्या आहारात भरपूर यकृत दिल्यास हे रोगी सुधारतात, असे दाखवून दिले. त्यामुळे मुंबईतील स्त्रियांचा आजारही तोच असावा, असे गृहीत धरले जाई. त्याला ‘गर्भारपणातील घातक पंडुरोग’ असे नावही पडले होते. रक्ताचे चित्र सारखे, म्हणून रोग सारखा, असा हा तर्क होता.

विल्स यांनी हा तर्क तपासल्यावाचून स्वीकारला नाही. घातक पंडुरोगाच्या रोग्याच्या जठरात आम्ल तयार होत नाही, हे त्या रोगाचे ठळक लक्षण होते. मुंबईतील स्त्रियांच्या जठरात आम्ल व्यवस्थित तयार होत होते. म्हणजे पेशी सारख्या दिसत असल्या तरी मुळाशी असलेला बिघाड निराळा होता. तो शोधण्यासाठी त्यांनी मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांच्या साथीने काम सुरू केले. मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रिया काय खातात, किती खातात आणि कोणत्या परिस्थितीत राहतात, याची पाहणी झाली. आहार जितका निकृष्ट, तितका पंडुरोगाचा धोका अधिक, असे त्यातून दिसून आले. सर्वांत हलाखीचा आहार गरीब मुसलमान वस्तीतील स्त्रियांच्या वाट्याला येत होता आणि हा आजारही त्यांच्यातच सर्वाधिक होता. प्रश्न कोणत्या जातीचा वा धर्माचा नसून ताटात काय पडते याचा आहे, हे या पाहणीने स्पष्ट केले.

१९२९ च्या उन्हाळ्यात विल्स यांनी आपले काम काही महिने निलगिरीतील कुन्नूर येथे हलवले. तेथील पाश्चर संस्थेत सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या देखरेखीखाली पोषणविषयक संशोधन चालत असे. मुंबईतील गरीब स्त्रियांच्या आहारासारखा आहार विल्स यांनी पांढऱ्या उंदरांना दिला. उंदीर पंडुरोगी झाले आणि गाभण माद्या विण्याआधीच मेल्या. त्याच आहारात यीस्ट मिसळले असता आजार टळला. पुढे असे लक्षात आले की, या उंदरांना उवांवाटे पसरणारा एक संसर्गही झालेला होता आणि त्यामुळे निष्कर्षाविषयी शंका घेण्यास जागा होती. संशोधकाच्या दृष्टीने हा मोठाच धक्का होता. विल्स यांनी प्रयोग सोडून न देता तो पुन्हा नव्याने मांडला. या वेळी तो माकडांवर करण्यात आला आणि बिलिमोरिया हे सहकारी त्यात सहभागी झाले. निकृष्ट आहारावरील माकडांना तसाच मोठ्या पेशींचा पंडुरोग झाला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा झाला.

या यीस्टच्या अर्काची निवड करतानाही त्यांनी व्यवहार पाहिला. इंग्लंडमध्ये दारूच्या भट्ट्यांत उरणाऱ्या यीस्टपासून ‘मार्माइट’ नावाचा काळपट, खारट आणि चिकट पदार्थ तयार होई व पावाला लावून खाल्ला जाई. यकृताचा अर्क महाग होता. गिरणीत मजुरी करणाऱ्या कुटुंबाला तो परवडणे शक्य नव्हते, शिवाय अनेकांना तो निषिद्धही होता. मार्माइट स्वस्त होते, टिकत होते आणि शाकाहारी होते. मुंबईतील रुग्ण स्त्रियांना ते दिल्यावर काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, अंगात ताकद येऊ लागली आणि अन्नावरची वासना परतली. १९३१ मध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. दारूच्या धंद्यातील टाकाऊ मालापासून बनलेल्या पदार्थाने बाळंतिणींचे प्राण वाचू शकतात, हे वैद्यकविश्वाला त्यांनी दाखवून दिले.

तरी मूळ प्रश्न शिल्लकच होता. यीस्टमध्ये नेमके काय आहे? त्या सुमारास यकृताचे अधिकाधिक शुद्ध अर्क तयार होऊ लागले होते. खऱ्या घातक पंडुरोगावर हे शुद्ध अर्क उत्तम गुण देत. विल्स यांच्या रुग्णांना मात्र कच्च्या, अशुद्ध अर्काने गुण येई आणि शुद्ध अर्काने येत नसे. यावरून त्यांनी अनुमान काढले की, यकृतात रक्त घडवणारे एक नव्हे तर दोन घटक असले पाहिजेत. शुद्धीकरणात त्यांपैकी एक टिकून राहतो आणि दुसरा निघून जातो. यीस्टमध्ये असलेला तो हाच दुसरा घटक. तो अद्याप कोणी पाहिलेला नव्हता. वैद्यकीय लेखनात त्याला ‘विल्स फॅक्टर’, म्हणजे विल्स यांचा घटक, असे नाव रूढ झाले. टिकून राहणारा पहिला घटक पुढे १९४८ मध्ये वेगळा करण्यात आला. तो म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व.

पुढे विल्स रॉयल फ्री रुग्णालयात परतल्या. त्यानंतरही १९३७ च्या अखेरीस त्या दहा आठवड्यांसाठी पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या. या वेळी त्यांनी प्रथमच विमानप्रवास केला. पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून, वाटेत ठिकठिकाणी मुक्काम करीत, पाच दिवसांनी त्या कराचीस पोहोचल्या आणि तेथून बोटीने मुंबईस आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी लंडनमध्ये आपत्कालीन वैद्यकीय सेवेत काम केले. जुलै १९४४ मध्ये रुग्णालयावर उडता बॉम्ब पडला आणि विभागाचे काम काही दिवस विस्कळीत झाले. रॉयल फ्रीमधील पहिला रक्तविज्ञान विभाग त्यांनीच उभारला.

दरम्यान, त्यांच्या घटकाचा शोध रसायनशास्त्रज्ञांनी पुढे नेला होता. १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात चार टन पालकापासून एका पदार्थाचा अत्यल्प अंश वेगळा करण्यात आला. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून त्याला ‘फॉलिक ॲसिड’ असे नाव मिळाले. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार करण्यात यश आले. तेथील संशोधनाचे नेतृत्व करीत होते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले जीवरसायनशास्त्रज्ञ. परळमध्ये ज्या अज्ञात घटकाची चाहूल लागली, त्याला गोळीचे रूप देण्यातही अशा रीतीने एका भारतीयाचा वाटा राहिला. विल्स यांचा घटक आणि फॉलिक ॲसिड एकच असल्याचे आता स्पष्ट झाले होते.

या जीवनसत्त्वाचे कार्य पेशींच्या विभाजनाशी निगडित आहे. प्रत्येक नवी पेशी घडताना तिच्यातील डीएनएची प्रत तयार व्हावी लागते, आणि त्यासाठी फोलेट हवे असते. ते कमी पडले की अस्थिमज्जेतील पेशी आकाराने वाढतात, पण वेळेवर विभागत नाहीत. काचपट्टीवर विल्स यांना दिसलेल्या मोठ्या पेशींचे कारण हेच. गर्भारपणात आईच्या आणि बाळाच्या अशा दोन शरीरांत पेशी झपाट्याने वाढत असतात, म्हणून ही कमतरता त्या काळात प्रथम उघडी पडते.

१९४७ मध्ये विल्स निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी तेथील आहार आणि पंडुरोग यांचे निरीक्षण केले. लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणूनही त्यांनी दहा वर्षे काम पाहिले. त्या अविवाहित राहिल्या. मोटार न बाळगता सायकलवरून रुग्णालयात जाणाऱ्या, डोंगरांत आणि बर्फात भटकंती करणाऱ्या, मानमरातबाची फिकीर न बाळगणाऱ्या प्राध्यापिका म्हणून त्या परिचित होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शोधाचे सर्वांत मोठे फलित त्यांच्या मृत्यूनंतर पुढे आले. गर्भाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा आरंभ ज्या नलिकेतून होतो, ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. त्या वेळी अनेक स्त्रियांना आपण गर्भवती असल्याची कल्पनाही नसते. ती नीट मिटली नाही, तर बाळाचा कणा उघडा राहतो किंवा मेंदूची वाढच होत नाही. असे मूल आधी झालेल्या स्त्रियांवर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांत एक चाचणी घेतली. पुढील गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यास हे व्यंग पुन्हा उद्भवण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, असा तिचा निष्कर्ष १९९१ मध्ये जाहीर झाला. तेव्हापासून मूल हवे असलेल्या प्रत्येक स्त्रीने गर्भ राहण्यापूर्वीच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करावे, असा सल्ला जगभर दिला जातो. त्यासाठी तपासणीच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नसते. आधीचे मूल बाधित असेल, तर मात्र अधिक मात्रा लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी लागते.

तपासणीचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ते विल्स यांनी ज्या प्रश्नापासून आरंभ केला त्याच प्रश्नाशी जोडलेले आहे. थकवा, धाप, जीभ लाल होऊन चुरचुरणे आणि रक्ताच्या अहवालात मोठ्या पेशी, ही लक्षणे फोलेट कमी पडल्यानेही दिसतात आणि बी-१२ कमी पडल्यानेही. नुसत्या लक्षणांवरून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. बी-१२ ची उणीव असलेल्या रोग्याने केवळ फॉलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारू शकते, हिमोग्लोबिन वाढू शकते आणि आजार बरा झाल्याचा भास होतो. आत मज्जातंतूंची हानी मात्र सुरूच राहते. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, स्मरणशक्ती मंदावणे अशा रूपांत ती पुढे प्रकट होते आणि उशीर झाल्यास पूर्णपणे भरूनही येत नाही. बी-१२ मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळत असल्याने शाकाहारी कुटुंबांत हा धोका अधिक संभवतो. म्हणूनच पंडुरोगात मोठ्या पेशी आढळल्या की फोलेट आणि बी-१२ या दोन्ही तपासण्या एकत्र कराव्या लागतात. रक्तद्रवातील फोलेट अलीकडच्या काही दिवसांचा आहार सांगते, तर तांबड्या पेशींतील फोलेट मागील काही महिन्यांची स्थिती दाखवते.

अपस्माराची काही औषधे किंवा मेथोट्रेक्सेट घेणारे रुग्ण, आतड्यांतून अन्नरस नीट न शोषले जाणारे, दीर्घकाळ मद्यपान करणारे, तसेच सिकलसेल किंवा थॅलेसेमियासारख्या विकारांत ज्यांच्या तांबड्या पेशी सतत नष्ट होतात असे रुग्ण, यांच्या बाबतीत फोलेटकडे विशेष लक्ष द्यावे लागते. एरवी पालक, मेथी, अळू, हरभरा, मूग, चवळी, शेंगदाणे यांतून ते मिळू शकते. मात्र भाजी फार वेळ शिजवली आणि तिचे पाणी फेकून दिले, तर त्यातील बराच अंश वाया जातो.

आज भारतातील शासकीय कार्यक्रमात गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. गोव्यातील आरोग्य केंद्र असो, बेळगावचा सरकारी दवाखाना असो की परळजवळचे एखादे प्रसूतिगृह, ती गोळी सर्वत्र एकच आहे. ज्या स्त्रियांच्या रक्ताने तिच्या शोधाला दिशा दिली, त्यांची नावे कोणाच्या स्मरणात उरलेली नाहीत. त्यांचे रक्त तपासून, वरवरच्या साम्यावर विसंबून न राहता खरे कारण शोधणाऱ्या डॉ. ल्युसी विल्स यांचे नावही आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. हाफकिन संस्थेच्या इतिहासात प्लेगच्या लसीइतकेच मानाचे स्थान या कार्याला मिळायला हवे.